अमेरिकन फुटबॉल : कोण कुठे खेळणार हे नेमकं कोण ठरवतं?

पिंपळपान
फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये ईगल्सच्या कूपर डीजीनने चीफ्सच्या महोम्सचा पास हवेतच पकडला आणि ३८ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला. सामना ईगल्सने ४०-२२ असा जिंकला. डीजीनचं कौतुक खूप झालं, पण त्यात एक पुरवणी हटकून असायची : "आणि गोरा कॉर्नरबॅक, बरं का!"

त्यावरून हा धागा. क्वार्टरबॅकच्या (डाव चालवून पास फेकणाऱ्याच्या) जागेवर कृष्णवर्णीयांना न घेण्याचा प्रश्न बराचसा मिटल्यासारखा दिसतो. एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगच्या २०२४च्या हंगामात पहिल्या आठवड्यात ३२ पैकी १५ संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. मग कॉर्नरबॅक (पास पकडणाऱ्यांना रोखणारे) आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, किकर आणि पंटर (चेंडूला लाथ मारणारे) जवळजवळ सगळे गोरे, असं का? अंगच्या गुणांनी होतं की आधीच कुणीतरी चिठ्ठी काढून ठेवतं? काढत असेल तर कुठल्या वयात, कुठल्या टप्प्यावर?

जाणकारांनी तपशिलात लिहावं. "अमेरिकेत वंशवाद आहे" एवढंच सांगायचं असेल तर ते ठाऊक आहे.

राघू
चटई टाकली आहे. येऊ द्या.

हेमाडपंथी
सुरुवात इतिहासापासून करावी लागेल, कारण आजचे आकडे त्याचंच शेपूट आहेत.

१९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठेही नव्हता, मालकांची आपापसातली समजूत होती. त्याआधी मात्र होते. फ्रिट्झ पोलार्ड १९२०पासून ॲक्रनकडून खेळला आणि १९२१मध्ये त्याच संघाचा सहप्रशिक्षकही झाला. १९४६मध्ये दार पुन्हा उघडलं : रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोडला घेतलं, तर तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगमधल्या ब्राऊन्सने मॅरियन मोटली आणि बिल विलिसला. राजधानीचा संघ सर्वांत शेवटी वळला, थेट १९६२मध्ये.

पण संघात घेणं वेगळं आणि कुठे उभं करणं वेगळं. १९७०मध्ये लॉय आणि मॅकेल्व्होग या दोन समाजशास्त्रज्ञांनी मैदानाच्या मध्यावरच्या जागा वेगळ्या काढून मोजल्या. आक्रमणात क्वार्टरबॅक, त्याच्या पुढचा सेंटर, सेंटरच्या शेजारचे दोन गार्ड, बचावात लाइनच्या मागचे लाइनबॅकर. इथे गोरे. कडेच्या जागांवर, म्हणजे रिसीव्हर (पास पकडणारे), कॉर्नरबॅक वगैरे, कृष्णवर्णीय. याला 'स्टॅकिंग' म्हणतात. त्याचा दुसरा परिणाम लोक विसरतात : कृष्णवर्णीय खेळाडू मग त्याच चार-पाच जागांसाठी आपसांत झगडायचे. संघात किती जण मावणार, याला आपोआप झाकण बसायचं.

चौथा डाऊन
हेमाडपंथींच्या 'मध्या'ला मैदानावरचा अर्थ जोडतो, म्हणजे 'मध्य' का महत्त्वाचा ते कळेल.

दोन डावांमध्ये ४० सेकंदांचं घड्याळ असतं. प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर डाव सांगतो. घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. तिथून पुढे सगळं खेळाडूंच्या डोक्यावर. क्वार्टरबॅक बचावाच्या सर्वांत मागे राखण करणारे सेफ्टी एक आहे की दोन ते बघतो, सेंटर समोरचा मधला लाइनबॅकर बोटाने दाखवतो, आणि त्या एका बोटावरून पाचही लाइनमननी कुणाला अडवायचं ते ठरतं. बोट चुकलं तर एक माणूस मोकळा सुटतो आणि क्वार्टरबॅक आडवा होतो. बचावाकडून हेच काम मधला लाइनबॅकर करतो. त्याच्याही हेल्मेटमध्ये २००८पासून स्पीकर आहे. ओळखू यावा म्हणून हेल्मेटवर हिरवा ठिपका.

म्हणजे 'मध्य' म्हणजे बोलणाऱ्यांच्या, इतरांना हुकूम देणाऱ्यांच्या जागा. "यांना हे झेपणार नाही" हा समज तिथेच ठाण मांडून बसला होता. १९६७मध्ये चीफ्सने कृष्णवर्णीय विली लॅनियरला मधला लाइनबॅकर म्हणून उभं केलं आणि तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. सेंटरमध्ये ड्वाइट स्टीव्हन्सन आणि डर्मोंटी डॉसन, दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही हॉल ऑफ फेम. झेपत नव्हतं असं काही दिसलं नाही.

ओहायोचा ओंकार
इतिहास मान्य. पण आजचं चित्र निव्वळ पूर्वग्रहाने समजावता येईल असं मला वाटत नाही. एनएफएल म्हणजे निर्दय बाजार आहे. एखादा गोरा पोरगा खरंच कॉर्नरबॅक म्हणून उपयोगी असेल तर त्याला न घेणारा संघ सामने हरेल आणि प्रशिक्षक घरी जाईल. शिवाय जागा बदलायला गोऱ्यांनाही लावतात. ज्युलियन एडेलमन केंट स्टेटचा क्वार्टरबॅक होता. पेट्रियट्सने त्याला ड्राफ्टच्या (कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) शेवटच्या, सातव्या फेरीत घेऊन रिसीव्हर केला आणि २०११मध्ये माणसं कमी पडली तेव्हा कॉर्नरबॅकच्या जागीही पळवला. त्यात वंश कुठे आला?

बाकावरचा
ओंकार, बाजार निर्दय असतो हे खरं, पण त्याच्यापर्यंत माल पोचावा लागतो. आणि बाजारच शहाणा असता तर कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकची पुढची यादी झाली नसती :

मार्लिन ब्रिस्को, १९६८. ब्राँकोसने त्याला बचावासाठी निवडलं होतं. क्वार्टरबॅकच्या चाचणीची संधी त्याने करार करताना हट्टाने मागून घेतली. नेहमीचा क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून खेळायला मिळालं, फक्त पाच सामने सुरुवातीपासून, आणि त्याने १४ टचडाऊन पास टाकले. ब्राँकोसच्या नवख्या क्वार्टरबॅकचा हा विक्रम २०२४मध्ये बो निक्सने मोडला. पुढच्या वर्षी ब्रिस्कोला तिथे स्पर्धाच करू दिली नाही. बफेलोत रिसीव्हर झाला आणि १९७०मध्ये प्रो बोलला (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला) निवडला गेला.

वॉरन मून : जानेवारी १९७८च्या रोझ बोलचा (कॉलेजच्या मानाच्या सामन्याचा) सर्वोत्तम खेळाडू. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही निवडलं नाही. कॅनडात एडमंटनकडून सलग पाच ग्रे कप जिंकला, मग १९८४मध्ये ह्यूस्टनने घेतलं. २००६मध्ये हॉल ऑफ फेम.

टोनी डंजी : मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, १९७७ला स्टीलर्समध्ये सेफ्टी. त्याच वर्षी एका सामन्यात क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर याला उभं केलं. एकाच सामन्यात त्याने समोरच्यांचा पास पकडलाही आणि स्वतःचा पास समोरच्यांना दिलाही.

एडेलमनचं उदाहरण बरोबर आहे, पण तो सातव्या फेरीतला, केंट स्टेटचा. मूनसारख्या रोझ बोल गाजवलेल्या गोऱ्या क्वार्टरबॅकला तेव्हा कुणी असं वाऱ्यावर सोडलं असतं का, एवढं सांग.

शुद्धलेखन बाई
"ड्राफ्ट", "सेफ्टी", "प्रो बोल"... पामरांसाठी एक शब्दकोश द्या हो कुणीतरी. मी इथे बेसबॉलचा धागा समजून आले होते.

राघू
@बाई, चेंडू लंबगोल दिसला तर तो हा धागा.

चौथा डाऊन
बाकावरचा यांच्या यादीत २०१८चा ड्राफ्ट हवाच. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक लामार जॅक्सनकडे २०१६ची हाइजमन ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची) होती. तरी माजी जनरल मॅनेजर बिल पोलियन यांनी जाहीरपणे सांगितलं की याने रिसीव्हर व्हावं. जॅक्सन कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना) ४० यार्ड धावलाच नाही. वेगाचा आकडा हाती दिला की "बघा, हा तर रिसीव्हर" म्हणायला कोलीत मिळालं असतं. त्याच ड्राफ्टमध्ये गोरा क्वार्टरबॅक जॉश ॲलन सातवा गेला आणि जॅक्सन पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२वा. २०१७च्या हंगामात ॲलनचे ५६ टक्के पास पूर्ण झाले होते, जॅक्सनचे ५९. ॲलनही धिप्पाड आणि पळणारा. त्याला टाइट एंड (लाइनच्या टोकाचा धिप्पाड रिसीव्हर) हो म्हणून कुणी मोठ्याने सांगितल्याचं आठवत नाही. (ॲलन पुढे फार मोठा खेळाडू झाला, तेव्हा त्याची निवड चूक होती असं म्हणणं नाही.) जॅक्सन २०१९ला एकमताने एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला.

आता यातली तांत्रिक मेख. तेव्हा टीका अशी असायची की ऑप्शन खेळणारे क्वार्टरबॅक 'वाचत' नाहीत, नुसते पळतात. झोन रीडमध्ये काय होतं बघा : लाइन मुद्दाम बचावाच्या कडेच्या माणसाला मोकळा सोडते. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरून त्या माणसाचे खांदे बघतो. खांदे आत वळले तर चेंडू काढून घ्यायचा आणि स्वतः बाहेरून पळायचं. खांदे सरळ राहिले तर सोडून द्यायचा. एका सेकंदाच्या आत निर्णय, आणि चुकला तर चेंडू जमिनीवर. हे वाचणंच आहे. पण स्काउटच्या अहवालात ते 'चपळाई'च्या रकान्यात जायचं आणि 'खिशात', म्हणजे लाइनमनच्या कड्यामागे, उभं राहून सेफ्टी बघणं 'बुद्धी'च्या रकान्यात.

सांख्यिक
आकडे फेकण्यापूर्वी मोजायचं कसं ते बघू, कारण या विषयात हमखास चार ठिकाणी घोळ होतो.

पहिला, भाजक. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३-१४ टक्के आणि लीगमध्ये निम्म्याहून जास्त. एखाद्या जागेवर ते 'कमी' आहेत की नाही हे लीगमधल्या प्रमाणाशी ताडायचं, देशाच्या लोकसंख्येशी नाही. ३० टक्के कृष्णवर्णीय सेंटर लोकसंख्येच्या मानाने भरपूर, लीगच्या मानाने फारच थोडे.

दुसरा, ढोबळ खाती. 'डिफेन्सिव्ह बॅक' असं एकच खातं धरलं तर कॉर्नरबॅक आणि सेफ्टी यांच्यातला फरक गडप होतो, आणि गोरे आहेत ते बहुतेक सेफ्टीत. लाइनबॅकरचंही तसंच, आतले आणि बाहेरचे वेगळे मोजायला हवेत.

तिसरा, कोण कोण आहे हे ठरवायचं कसं. फोटो बघून खुणा करणारे अभ्यास पुष्कळ. महोम्सचे वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. हाइन्स वॉर्डची आई कोरियन. मारियोटा, टुआ हे सामोअन वंशाचे. यांना कुठे टाकलं ते बघितल्याशिवाय दोन वर्षांची तुलना करू नये. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॅपचिक यांच्या संस्थेची प्रगतीपुस्तकं चांगली आहेत, पण त्यांतही खात्यांच्या व्याख्या बदलल्या की आकडा हलतो.

चौथा : रोस्टर (अख्खा संघ) मोजताय की सुरुवातीचे अकरा? राखीव क्वार्टरबॅकची जागा फार बोलकी आहे. उत्तम असेल तर कुणालाही घेतात. मधल्या दर्जाचा असून दहा वर्षं बाकावर पगार खाण्याची मुभा कुणाला मिळते, तिथे पूर्वग्रह जास्त दिसतो.

बाकावरचा
बाकाचा उल्लेख व्यक्तिगत घेतला आहे.

मधली सुट्टी
किकरांचं कुणीच बोलत नाही, म्हणून मी. इथे मेंदू आणि मनगटापेक्षा पाकीट जास्त बोलतं.

बहुतेक शाळांच्या संघात किकिंगचा प्रशिक्षकच नसतो. मुलगा सॉकर खेळणारा असतो, त्याला बोलावून आणतात. पुढचं सगळं खाजगी : तासावर पैसे घेणारा प्रशिक्षक, उन्हाळ्यातली शिबिरं, तिथल्या क्रमवारीत नाव यावं म्हणून दुसऱ्या राज्यात प्रवास, हॉटेल. कॉलेजचे प्रशिक्षक या शिबिरांच्या क्रमवारीवर बरेच विसंबतात, कारण किक पारखायला त्यांच्याकडेही कुणी नसतं. लाँग स्नॅपरचीही (किकसाठी चेंडू पायांमधून लांब मागे देणाऱ्याचीही) हीच गत. अमेरिकेतलं क्लब सॉकर मुळात उपनगरी आणि महाग, त्यामुळे पहिली गाळणी तिथेच लागते.

पाय कुणाचाही चालतो. जीन मिंगो १९६०पासून ब्राँकोससाठी किक मारत होता. व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय किकर तोच. रेजी रोबी हा जबरदस्त पंटर होता. कोरियात जन्मलेला कू, ब्राझीलचा सँतोस आपण बघतोच.

मेडॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७०च्या दशकात असाच मुद्दा मांडला होता : ज्या जागा शिकायला महाग, तिथे गरीब घरची मुलं कमी. क्वार्टरबॅकचंही आता तसंच झालंय. खाजगी क्वार्टरबॅक प्रशिक्षक, उन्हाळ्यातले सेव्हन-ऑन-सेव्हन संघ, वगैरे. यात वंश आणि पैसा वेगळे काढणं अवघड आहे, पण 'निव्वळ गुण' तर नक्कीच नाही.

कोकणी कोल्हा
आपल्याकडचा पालवणकर बाळू आठवला. दलित समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बळींचा ढीग लावला. गोलंदाजी करायला चालायचा, हिंदू संघाचा कर्णधार करायची वेळ आली की नाही. शेवटी १९२३मध्ये भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. चेंडू टाक, पण हुकूम देऊ नकोस, हे चौथा डाऊन यांनी वर लिहिलंय तेच.

हेमाडपंथी
कोल्हेबुवा, चपखल. पण त्यावर वेगळा धागा काढा, नाहीतर पुढचे शंभर प्रतिसाद क्रिकेटचे येतील.

चौथा डाऊन
पिंपळताईंच्या मूळ कॉर्नरबॅककडे येतो, कारण इथे ओंकारचा मुद्दा थोडा खरा आहे.

कॉर्नरबॅकचं काम म्हणजे पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या रिसीव्हरबरोबर उलटं पळायचं आणि मग कंबर वळवून त्याच्याइतक्याच वेगाने सरळ पळायचं. वळताना अर्धं पाऊल जास्त पडलं की दोन यार्ड गेले. म्हणून ४० यार्डांइतकंच थ्री-कोन आणि ५-१०-५ शटल या वळण्याच्या चाचण्यांकडे बघतात, आणि त्याहून जास्त मैदानावरच्या पायांकडे. इथे ढिलाई चालत नाही.

पण डीजीनचं काय झालं? तो आयोवाचा. आयोवा झोन जास्त खेळते, म्हणजे ठरावीक माणसाऐवजी मैदानाचा आपापला भाग राखते. कॉर्नरबॅक मागे सरकत, डोळे क्वार्टरबॅककडे ठेवून खेळतो. त्यामुळे "माणसामागे माणूस खेळता येईल का हे दिसलं नाही" ही शंका रास्त होती. त्यात नोव्हेंबर २०२३मध्ये पाय मोडला, कंबाइनला धावता आलं नाही. इथपर्यंत ठीक. पण शंकेचं उत्तर "मग बघू" असं न देता बऱ्याच जणांनी परस्पर "सेफ्टी" असं लिहून टाकलं. तो दुसऱ्या फेरीत ४०वा गेला. ईगल्सनेही आधी थांबवलं, आणि विश्रांतीच्या आठवड्यानंतर त्याला स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या रिसीव्हरसमोर, उभं केलं. तिथे टॅकल करावं लागतं, दोन्ही बाजूंना वळावं लागतं, अवघड जागा आहे ती. त्याचाच आयोवाचा सहकारी रायली मॉस २०२४ला डेन्व्हरमध्ये बाहेरचा कॉर्नरबॅक म्हणून खेळला. जायंट्सच्या जेसन सीहॉर्ननंतर नियमित बाहेर खेळणारा गोरा कॉर्नरबॅक शोधायला जवळपास वीस वर्षं चाळावी लागतात.

रनिंग बॅकचंही तेच. गोरा टोबी गेरहार्ट २००९च्या हाइजमनमध्ये दुसरा होता, तरी त्याला फुलबॅक (मुख्यतः दुसऱ्याला वाट मोकळी करून देणारा) करायच्या गप्पा चालायच्या. मग तसाच गोरा असलेल्या मॅकॅफ्रीने २०१९मध्ये पळून हजार आणि पास पकडून हजार यार्ड केले आणि त्या गप्पा जरा मंदावल्या.

ओहायोचा ओंकार
म्हणजे पूर्वग्रह दोन्हीकडून कापतो. मग कृष्णवर्णीयांचंच नुकसान झालं असं का म्हणायचं? कॉर्नरबॅकला पैसा कमी नाही.

सांख्यिक
पैशाचा तक्ता सरळ आहे. २०२४चे फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला संघाने रोखून ठेवायचा ठरलेला पगार), एका वर्षाचे, डॉलरमध्ये : क्वार्टरबॅक ३ कोटी ८३ लाख, कॉर्नरबॅक १ कोटी ९८ लाख, सेफ्टी १ कोटी ७१ लाख, रनिंग बॅक १ कोटी २० लाख, किकर-पंटर ६० लाख. म्हणजे कॉर्नरबॅकबद्दल तू म्हणतोस ते बरोबर. रनिंग बॅक मात्र दर डावाला मार खातो, नवख्याच्या चार वर्षांच्या करारातच त्याची उमेदीची वर्षं संपतात आणि मोठ्या कराराच्या वेळी संघ म्हणतो, "गुडघे झिजलेत." पेन्शनसाठी तीन हंगाम जमा व्हावे लागतात, तेही सगळ्यांचे होत नाहीत. किकरचा वार्षिक आकडा लहान, पण तो चाळिशीपर्यंत खेळू शकतो. वार्षिक आकड्यावर जाऊ नका, गुणाकार करा.

बाकावरचा
आणि खेळणं संपल्यावरचा हिशेब वेगळाच. मुख्य प्रशिक्षक होण्याची शिडी साधारण अशी : क्वार्टरबॅक प्रशिक्षक, मग आक्रमण समन्वयक, मग मुख्य. रनिंग बॅक किंवा रिसीव्हरचा प्रशिक्षक त्या शिडीवर क्वचित चढतो, कारण डाव हाक मारून सांगण्याचं काम त्याच्याकडे येत नाही. माजी कृष्णवर्णीय खेळाडू बहुतेक ज्या जागा खेळले त्याच जागा शिकवतात. आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल, १९८९. रूनी नियम २००३मध्ये आला : मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत. पुढे तो वाढवला. पण मुलाखत शिडीच्या वरच्या टोकाला आहे आणि अडथळा खालच्या पायरीवर, म्हणून तो नियम नुसताच कागद रंगवतो. ब्रायन फ्लोरेसने २०२२मध्ये लीगवर खटला भरला तो असल्या नावापुरत्या मुलाखतींवरूनच.

मधली सुट्टी
"बुद्धी कमी" हा समज किती खोल मुरला होता ते बघायचं तर मेंदूच्या दुखापतींच्या नुकसानभरपाईकडे बघा. खेळाडूच्या स्मृतिचाचणीचे गुण 'वंशानुसार' समायोजित करायची सोय त्या प्रक्रियेत होती. म्हणजे कृष्णवर्णीयाची मूळ पातळीच खालची धरायची. सारखेच गुण पडले तरी गोऱ्याचा ऱ्हास झालाय असं ठरायचं आणि कृष्णवर्णीयाचा झालेला नाही असं, कारण "तो आधीपासूनच तिथे होता." डेव्हनपोर्ट आणि हेन्री या दोन माजी खेळाडूंनी २०२०मध्ये त्याविरुद्ध दावा लावला, २०२१मध्ये लीगने ते बंद करायचं कबूल केलं. वंडरलिकची १२ मिनिटांत ५० प्रश्नांची बुद्धिचाचणीही कंबाइनमधून २०२२मध्ये गेली.

पिंपळपान
इतकं वाचून झाल्यावर मूळ प्रश्न पुन्हा विचारते : चिठ्ठी निघते कधी? शाळेत, कॉलेजात की ड्राफ्टला?

चौथा डाऊन
बहुतेक वेळा शाळेतच, नववीच्या ऑगस्टमध्ये.

प्रशिक्षकाकडे पहिल्या सामन्याआधी जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. चाळीस-पन्नास मुलं, ओळख नाही. पहिल्या दोन दिवसांत तो मुलांना गटांत वाटतो : सर्वांत वेगवान पोरं रनिंग बॅक आणि कॉर्नरबॅक, जाड पोरं लाइनवर, आणि ज्याला आधीपासून फेकता येतं तो क्वार्टरबॅक. फेकता कुणाला येतं? ज्याच्या बापाने किंवा खाजगी प्रशिक्षकाने दोन उन्हाळे शिकवलंय त्याला. क्वार्टरबॅकचे सरावातले बहुतेक डाव पहिल्या क्रमांकाला मिळतात, उरलेले दुसऱ्याला; तिसऱ्याला जवळपास काहीच नाही. दोन वर्षांत फरक इतका वाढतो की मग तो खरोखरच गुणांचा दिसतो. कॉलेजच्या भरतीच्या यादीत असल्या मुलापुढे जागा म्हणून नुसतं 'ॲथलीट' लिहितात, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत क्वार्टरबॅकचेही 'प्रो-स्टाइल' आणि 'ड्युअल-थ्रेट' असे दोन वेगळे ढीग असायचे.

उपाय करायचाच तर स्वस्त आहे. पहिला आठवडा सगळ्यांना फेकायला लावा, सगळ्यांना स्नॅप करायला लावा, मुलांची नावं न बघता हेल्मेटच्या आकड्यांवर गुण द्या, आणि व्हिडिओ दुसऱ्या प्रशिक्षकाकडून तपासून घ्या. क्वार्टरबॅकचे तीन दावेदार असतील तर ऑगस्ट संपेपर्यंत तिघांना सारखे डाव. बहुतेक जण करत नाहीत, कारण पहिला सामना हरण्याची भीती.

ओहायोचा ओंकार
हे पटण्यासारखं आहे. बाजार वरच्या टोकाला निर्दय, खालच्या टोकाला घाईत. तरी कॉर्नरबॅकच्या बाबतीत सगळा फरक नववीच्या ऑगस्टने समजतो असं मी म्हणणार नाही.

सांख्यिक
सगळा नाहीच समजणार. पण तपासायची एक वाट आहे : फ्लॅग फुटबॉल. तिथे लाइनची ढकलाढकली नाही, पाच-पाचचे संघ, आणि लहान मुलं बऱ्याचदा आळीपाळीने सगळ्या जागा खेळतात. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ येतोय. त्यातून वर आलेली पोरं टॅकल फुटबॉलमध्ये कुठल्या जागांवर जातात ते वयोगटानुसार नोंदवायला लागलं तर दहा वर्षांत बोलण्यासारखं काही हाती येईल.

शुद्धलेखन बाई
पाच-पाचचे संघ असतील तर नियम पाठ होतील माझे. दुवा द्या.